अंगणखेळ आणि सविकल्प समाधी

भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात नाट्याच्या जन्माची जी कथा आहे, तिच्यातील एका शब्दाकडे आपल्या अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. इंद्रप्रमुख देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि 'क्रीडनीयक' मागतात; म्हणजे चक्क खेळणे मागतात. ते डोळ्यांना दिसावे आणि कानांना ऐकू यावे, एवढीच त्यांची अट असते. ज्या कलेभोवती पुढे रसाचे एवढे मोठे शास्त्र उभे राहिले, तिचे पहिले नाव खेळणे असे आहे. असे असता मुलांचे खेळ हा वाङ्मयसमीक्षेचा विषयच नव्हे, असे मानण्याची आपली रीत मला नेहमीच थोडी चमत्कारिक वाटत आली आहे. संतांनी तरी तसे मानले नव्हते. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, हुंबरी, विटीदांडू, चेंडू यांवरचे अभंग आहेत आणि त्या त्या खेळाचे नियम नीट ठाऊक असल्याखेरीज त्यांतील मर्म उलगडत नाही. आजची मुले जे खेळतात, त्याचे नियम आपणांपैकी कितीजणांस ठाऊक आहेत?

प्रस्तुत लेखात ज्या खेळांचा विचार करावयाचा आहे, त्यांस इंग्रजीत 'सँडबॉक्स' म्हणजे वाळूच्या पेटीचे खेळ म्हणतात. पाश्चात्त्य देशांत बागेत लाकडी चौकट करून तीत मुलांसाठी वाळू भरून ठेवण्याची पद्धत आहे. बर्लिनमधील अशा वाळूच्या ढिगांवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती कल्पना अमेरिकेत बोस्टनला गेली आणि तेथे रुजली. त्या पेटीत शिरलेल्या मुलाने काय करावे, हे कोणी सांगत नाही. जिंकणे नाही, हरणे नाही, गुण नाहीत; वाळू आहे आणि वेळ आहे. आपल्याकडे ही पेटी नव्हती. आपल्याकडे अंगण होते. म्हणून या प्रकारास मी अंगणखेळ म्हणणार आहे. 'वाळूखेळ' या शब्दाने काहीच बोध होत नाही, आणि 'सँडबॉक्स' हा शब्द मराठी वाक्यात नव्या जावयासारखा अवघडून बसतो. ब्राउझर या शब्दाची गोष्ट निराळी. त्यास 'न्याहाळक' असा एक पर्याय सुचवण्यात आलेला आहे. परंतु मुलांच्या तोंडी बसलेला शब्द उठवून तेथे दुसरा बसवण्याचा हट्ट मी धरीत नाही.

या खेळांत सर्वांत प्रसिद्ध तो माइनक्राफ्ट. मार्कुस पेर्सन या स्वीडिश गृहस्थाने तो मे २००९ मध्ये लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्याची आरंभीची आवृत्ती ब्राउझरमध्येच, जावाच्या आधाराने खेळता येत असे. पुढे तो विकत घ्यावयाची वस्तू झाला. २०११ च्या नोव्हेंबरात त्याची पूर्ण आवृत्ती निघाली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची निर्माती कंपनी अडीच अब्ज डॉलर देऊन घेतली, आणि २०२३ मध्ये त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्याचे जाहीर झाले. दरम्यान ब्राउझरांनी जावाचा आधार काढून घेतला होता. मग दहाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने मे २०१९ मध्ये कंपनीने २००९ चीच जुनी आवृत्ती, तिच्या जुन्या दोषांसकट, ब्राउझरमध्ये विनामूल्य खुली केली. तीत बत्तीस प्रकारचे ठोकळे आहेत: दगड, फळ्या, काच, रंगीत कापड, वाळू, असे. खेळ उघडला की एक दुवा मिळतो. तो ज्यांस द्यावा असे आणखी नऊ जण त्याच जगात येऊन दाखल होतात. या धर्तीवर ब्राउझरात चालणारे ठोकळ्यांचे आणखीही कितीतरी खेळ निघाले आहेत. काही सरळ मार्गाचे, काही चोरवाटेचे.

जग कसे आहे, तेही सांगितले पाहिजे. समुद्राने वेढलेले ते एक बेट आहे. डोंगर, झाडे, माती, सारे घनाकृती. येथे भूक नाही, शत्रू नाही, मरण नाही. ठोकळा फोडावा, ठोकळा बसवावा, एवढ्या दोनच क्रिया. दगडाखालचा दगड काढून घेतला तरी वरचा अधांतरी राहतो. माइनक्राफ्टमध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियम पाळतात ते वाळू, खडी असे थोडे पदार्थ. वाळूच्या पेटीचे नाव लावणाऱ्या खेळात वाळूनेच तेवढे खाली पडावे, यातला विनोद खेळ रचणाऱ्यास अभिप्रेत होता की नाही कोण जाणे. फ्रबेलने बालकांच्या हाती लाकडी घन दिले, त्यास आता पावणेदोनशे वर्षे उलटून गेली. आमच्या गुजरातेत गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरात, आणि त्यांच्यापाशी काम करून पुढे बोर्डी-कोसबाडला गेलेल्या ताराबाई मोडकांच्या बालवाड्यांत, मुलाने स्वतःच्या हातांनी काही घडवावे हाच पाया होता. तेव्हा ठोकळे रचणे ही गोष्ट नवी नाही. नवे आहे ते असे, की ठोकळे रचणारा मुलगा एका ठिकाणी आणि त्याच बुरुजावर दुसरा ठोकळा ठेवणारा मुलगा दुसऱ्याच ठिकाणी असू शकतो.

आता सुरतेकडे येतो. येथील महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत यंत्रमागाच्या आणि कापडाच्या धंद्यानिमित्त धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांचा मुलगा घरी अहिराणी बोलतो, गल्लीत गुजराती, बापाच्या मागावर हिंदी, आणि वर्गात पुस्तकातली मराठी. त्याच्या खोलीस अंगण नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करावा, तर माती कोठून आणावी आणि तो कोठे करावा, असे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. ब्राउझरचे महत्त्व येथे कळते. त्या मुलाच्या घरी संगणक नाही, खेळ विकत घेण्याची ऐपत नाही, शाळेतील यंत्रे जुनी आणि त्यांवर काही बसवण्यास मनाई. ब्राउझर मात्र सर्वत्र असतो. ज्या खेळास काही विकत घ्यावे लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही, तो गोट्यांच्या आणि विटीदांडूच्या जातीचा झाला. त्याच्या भोवती कुंपण नाही, हाच त्याचा गुण. दोषही तोच, पण त्याविषयी पुढे.

एके वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी माझ्या शाळेतील सातवीच्या पाच मुलांनी संगणकाच्या तासाला त्या बेटाच्या कडेला सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. निवड मार्मिक होती. शिवाजीमहाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, आणि मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले ते त्याच वर्षाच्या अखेरीस. सुरतेच्या पैशातून तो उभा राहिला अशी लोकांत समजूत आहे. तापीकाठच्या मराठी मुलांनी सुरतेत बसून तो पुन्हा बांधावा, हे मला आवडले, आणि तास संगणकाचा असता खेळ चालतो आहे याकडे मी चार दिवस काणाडोळा केला, हेही येथे कबूल करतो. दोन बुरुजांच्या बेचक्यात लपलेला महादरवाजा, जो समुद्रावरून दिसत नाही, तो त्यांनी नेमका साधला होता. भूगोलाच्या पुस्तकातील छायाचित्रावरून हे जमले असते असे मला वाटत नाही. त्यांच्यापैकी एकाचा काका मालवणास जाऊन आला होता.

पाचव्या दिवशी आठवीतला एक मुलगा, ज्याला तो दुवा कोणीतरी दिला होता, त्या जगात शिरला. त्याने बुरूज फोडले नाहीत. तटाच्या बुडाशी, पाण्याच्या पातळीला, एकच ठोकळा काढला. या जुन्या आवृत्तीतील पाण्याचा स्वभाव असा, की वाट मिळाली म्हणजे ते पसरतच जाते. समुद्र कमी होत नाही आणि पाणी थांबत नाही. मधल्या सुट्टीच्या आत किल्ल्याचा आतला भाग बुडाला. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणाचे पाणी सुटून तापी शहरात शिरली, तेव्हा उंबऱ्याच्या फटीतून आत येणारे पाणी आम्ही पाहिले आहे. त्या पडद्यावरचे निळे चौकोन पाहताना मला ते आठवले. मुलांचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता. ती माझ्या खोलीत आली ती भांडत. त्यांतला एक रडत होता, आणि मी त्यास हेडमास्तर ज्या शहाणपणाने बोलतात त्या शहाणपणाने म्हणालो, 'अरे, खरे काय गेले? माती नाही, दगड नाही. खोट्या पाण्यात खोटा किल्ला बुडाला.' तो म्हणाला, 'सर, किल्ला खोटा होता, पण त्याने बुडवला ते खरं आहे ना?'

या वाक्याने मला निरुत्तर केले, आणि प्रस्तुत लेखाचा उगमही तेथेच आहे.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून वाङ्मयानंदाची जी उपपत्ती मांडली, ती येथील वाचकांस नव्याने सांगावयास नको. वाचक पात्राच्या भूमिकेत शिरतो, पण आपली स्वतःची भूमिका सोडीत नाही. एकाच वेळी तो आपण असतो आणि दुसराही असतो. या द्विधा अवस्थेस त्यांनी सविकल्प समाधी म्हटले. तीवर आक्षेपही पुष्कळ घेतले गेले आणि त्यांतील काही योग्य आहेत. तथापि खेळाच्या बाबतीत ही उपपत्ती काव्यापेक्षाही चपखल बसते असे माझे मत आहे. भातुकलीतील मुलगी चुरमुऱ्यांचा भात वाढते, तेव्हा तो भात नव्हे हे तिला पक्के ठाऊक असते, आणि पाहुण्याने तो न जेवता उठावे हे तिला मुळीच खपत नाही. दोन्ही जाणिवा एकदम नांदतात. सिंधुदुर्ग बांधणाऱ्या मुलाचेही तेच.

परंतु येथे केळकरांच्या उपपत्तीत एक भर घालावी लागते. कादंबरीच्या वाचकाने ज्याच्या भूमिकेत शिरावयाचे, तो काल्पनिक असतो. त्यास वाचकाकडून इजा पोचत नाही आणि तो वाचकास इजा करू शकत नाही. म्हणूनच वाचकाची समाधी सुरक्षित असते. अनेकांनी मिळून खेळावयाच्या अंगणखेळात वस्तू सर्व काल्पनिक, पण माणसे सर्व खरी. तेथील तट खोटा, त्यावर दुसऱ्याने ठेवलेला विश्वास खरा. मुलाच्या त्या उत्तराचा अर्थ हाच होता. म्हणून अशा खेळाची समीक्षा करताना चित्र कसे आहे, ठोकळे किती, रंग कसे, हे पाहणे म्हणजे नाटकाची समीक्षा पडद्याच्या कापडावरून करण्यासारखे आहे. येथे जी कलाकृती आहे, ती म्हणजे खेळणाऱ्यांनी आपसांत केलेला करार. बोललेला किंवा न बोललेला. खेळाचे बरेवाईट ठरवावयाचे ते त्याने कोणत्या प्रकारचा करार शक्य केला आणि कोणता अशक्य केला यावरून.

योहान हाउझिंगा या डच पंडिताने १९३८ च्या आपल्या ग्रंथात खेळात लबाडी करणारा आणि खेळ उधळून लावणारा यांत फार मार्मिक भेद केला आहे. लबाडी करणारा निदान नियम मानण्याचे सोंग तरी करतो. उधळणारा खेळाचे जगच नाकारतो, म्हणून खेळणाऱ्यांच्या रागास तो अधिक पात्र होतो. मराठीस हा भेद ग्रंथ न वाचताच ठाऊक आहे. रडी खाणारा निराळा आणि डाव मोडणारा निराळा. रडी खाणाऱ्यास आपण चिडवतो, पण खेळात ठेवतो. डाव मोडणाऱ्यास दुसऱ्या दिवशी कोणी बोलावीत नाही. रिचर्ड बार्टल यांनीही १९९६ मध्ये सामाईक संगणकी जगांतील खेळाडूंचे जे चार प्रकार केले, त्यांत एक प्रकार इतरांवर चालून जाण्यातच आनंद मानणाऱ्यांचा आहे. बार्टल यांचे म्हणणे अधिकारवाणीचे; १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात जे पहिले असे जग रचले गेले, त्याच्या दोघा कर्त्यांपैकी ते एक. ते जग नुसत्या शब्दांचे होते, चित्र त्यात नव्हतेच, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु या विषयावरचे सर्वांत जुने आणि, माझ्या मते, सर्वांत खोल विवेचन पुन्हा नाट्यशास्त्राच्या त्या पहिल्याच अध्यायात आहे. पहिला प्रयोग चालू असता विघ्ने येतात. प्रयोगात दैत्यांचा पराभव दाखवलेला असतो, त्याने दुखावलेला विरूपाक्ष त्यांस उठवतो. ती नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती खिळून टाकतात. इंद्र ध्वजदंडाने त्यांस झोडपतो, तरी उरलेली छळतच राहतात. तेव्हा ब्रह्मदेव विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेतो आणि त्याच्या दारांवर, खांबांवर, कोपऱ्याकोपऱ्यावर रक्षक देवता नेमतो. आपल्या परंपरेप्रमाणे रंगमंदिराचा जन्म प्रेक्षकांच्या सोयीसाठी झालेला नाही. डाव मोडणाऱ्यांपासून डाव राखण्यासाठी झाला आहे. आणि कथा येथेही संपत नाही. देव ब्रह्मदेवास सांगतात की विघ्नांशी आधी सामोपचाराने बोलावे. तो विरूपाक्षास बोलावून विचारतो, तुझी तक्रार काय? आणि या नाट्यात केवळ देवांचा पक्ष नाही, तुमचेही भावकर्म यात आहे, असे त्यास समजावून देतो. दंड, मग भिंत, मग बोलणे, असा तो क्रम आहे.

ब्राउझरमधील अंगणखेळाचे उणे नेमके येथे सापडते. त्यास गृह नाही. दुवा हीच त्याची किल्ली, आणि ती किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यास क्षणही लागत नाही. अंगणात शेजारचा मुलगा आला तर त्याची आई कोण, हे सर्वांस ठाऊक असते. येथे येणाऱ्याचे नाव त्याने स्वतःच ठेवलेले. माझ्या शाळेतील विघ्नकर्ता निदान पलीकडच्या वर्गात बसत होता, त्यास बोलावून घेता आले. तो परगावचा कोणी असता, तर त्या मुलांस दंड, भिंत आणि बोलणे यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. यापेक्षा गंभीर अपाय करणारे परके कोण आणि कसे येऊ शकतात, याविषयी शिक्षकांस अधिक सांगण्याची गरज नाही. असल्या कितीतरी फुकट खेळांच्या चौकटीभोवती ज्या जाहिराती नाचत असतात, त्यांतील काही मुलांपुढे ठेवण्याच्या लायकीच्या नसतात, हेही मी स्वतः पाहिले आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांस उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. कायद्याचे हात ब्राउझरच्या प्रत्येक गल्लीत पोचतील तेव्हा पोचतील.

दुसरे उणे वाङ्मयीन आहे आणि ते मला अधिक सलते. हा खेळ मुका आहे. भातुकलीत बोलल्याखेरीज चालत नाही. तेथे पाहुणा यावा लागतो, त्याचे नाव ठेवावे लागते, 'उशीर का झाला' म्हणून विचारावे लागते. भातुकली म्हणजे मुळातच संवाद आहे, भांडी नंतरची. मातीच्या किल्ल्यावरही शिपाई, मावळे, गवळणी मांडल्या की गोष्ट सुरू होते. ठोकळ्यांच्या त्या बेटावर वावरणारे मनुष्याकृती ठोकळे सारे एकाच चेहऱ्याचे. त्यांना राग येत नाही, हसू येत नाही. त्यांच्याकरवी जे बोलावयाचे, ते टंकून. आणि आमची मुले टंकतात ते रोमन अक्षरांत, तीन-चार भाषांचे तुकडे जुळवून, ज्यात क्रियापदास लिंग नाही आणि वाक्यास शेवट नाही. घरी बापाच्या फोनवर एकटा खेळणारा मुलगा तासाभरात दहा शब्दही लिहीत नाही, असे मला मुलांनीच सांगितले.

आणि तरीही, संगणकाच्या खोलीत मी जे ऐकले ते याच्या अगदी उलट होते. बाके एकमेकांस लागून. पाच पडद्यांवर एकच बेट. पडदे मुके, पण खोलीत कोलाहल: तट कोठून वळवावा, तोफ कोणत्या तोंडास, 'तुना बुरूज वाकडा से' असा अहिराणीतला टोमणा, त्यावर शुद्ध पुस्तकी मराठीत दिलेले उत्तर, आणि मध्येच 'जंजिरेकर सिद्दी' होऊन स्वतःशीच भाषण करणारा एक मुलगा. चार भाषा येणाऱ्या आणि एकाही भाषेत वर्गात उभे राहून न बोलणाऱ्या मुलांचे ते बोलणे मी दाराबाहेर उभा राहून ऐकले आहे. संवादलेखनाचा तास मी गेली कित्येक वर्षे घेत आलो. इतके जिवंत संवाद माझ्या तासाला क्वचितच झाले. तेव्हा खेळाचा गुण कोणता आणि खोलीचा कोणता, हे निराळे करून पाहिले पाहिजे. एकच खेळ शेजारी बसून खेळला तर नाट्याच्या जवळ जातो आणि एकट्याने दूरून खेळला तर चाळ्याच्या. खेळांच्या बऱ्यावाईटाविषयी बोलताना हा फरक मी अजून कोठे केलेला पाहिला नाही.

आमच्या राज्यात तर सर्व खेळांस एकाच पोत्यात भरण्याची सवय आहे. २०१९ च्या जानेवारीत पबजी या बंदुकांच्या खेळास प्राथमिक शाळांतून मज्जाव करण्याविषयीचे परिपत्रक निघाले, मार्चमध्ये राजकोटास पोलिसांनी तो खेळणाऱ्या तरुणांस अटकही केली. त्या खेळाचे समर्थन मी करीत नाही. परंतु त्या परिपत्रकाची आठवण ठेवून बहुतेक शाळांत जे धोरण पडले, त्यात शंभरांतला अखेरचा मनुष्य उरेपर्यंत मारावयाचे असा खेळ आणि मिळून तट बांधावयाचा असा खेळ यांत भेदच उरला नाही. कादंबरीच्या बाबतीत आपण असे कधी करतो काय? रहस्यकथा वाईट म्हणून हरिभाऊ आपट्यांची पुस्तके कपाटात कुलूपबंद करणारा ग्रंथपाल आपणांस हास्यास्पद वाटेल. केनियाच्या नैरोबीतील किबेरा वस्तीत आणि नेपाळातील कीर्तिपूरात संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने २०१२ नंतर याच माइनक्राफ्टमध्ये रहिवाशांकडून मैदानांचे आणि तळ्याकाठचे आराखडे करून घेतले. ज्यांना नकाशा वाचता येत नव्हता, त्यांनीही ठोकळे उचलून आपले म्हणणे मांडले. मोठ्यांनी आपल्या वस्तीसाठी जे केले, ते मुलांनी सुरतेच्या खोलीत केले तर त्यास नुसता वेळेचा अपव्यय म्हणता येणार नाही.

शेवटी एक आक्षेप उरतो तो अंताचा. मातीच्या किल्ल्यास अंत आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत तो टिकतो, त्यावर पेरलेले अळीव वाढून पिवळे पडतात, आणि मग ज्यांनी बांधला तीच मुले एखाद्या संध्याकाळी तो तुडवतात. त्या तुडवण्यातही आनंद असतो, कारण तो सर्वांच्या संमतीने असतो. पडद्यावरचा किल्ला पिवळा पडत नाही. माइनक्राफ्टचे एक जग असे आहे, की २०१० च्या डिसेंबरापासून ते कधीच पुसले गेलेले नाही; तेथे नियम जवळपास नाहीत आणि आरंभीच्या ठिकाणाभोवती मैलोगणती नुसते भग्नावशेष पसरले आहेत, असे त्याचे वर्णन करतात. ज्यास विसर्जन नाही त्याची अशी दशा होते. उलट ब्राउझरमधील जग इतके क्षणभंगुर, की ते केव्हा आणि कोणाच्या हातून जाईल याचा भरवसा नाही. एकास अंत नाही, दुसऱ्यास अंत आहे पण तो खेळणाऱ्याच्या हाती नाही. कलाकृतीस अंत असावा लागतो एवढेच पुरेसे नाही. तो आतून यावा लागतो. या कसोटीस अंगणखेळ अजून उतरलेला नाही.

त्या आठवीतल्या मुलास मी बोलावले. का केलेस म्हणून विचारले, तेव्हा तो पुष्कळ वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की त्याने आधी दोनदा विचारले होते, 'मला घेता का?' आणि सातवीच्या मुलांनी 'जागा नाही' म्हणून सांगितले होते. दहा जणांची सोय असलेल्या जगात पाचच जण होते. सातवीच्या मुलांना हे मी सर्वांसमक्ष विचारले, आणि त्या दिवशी माझ्या खोलीत जो करार झाला त्यात शब्द त्यांचे होते, मी फक्त फळ्यावर लिहून घेतले: दुवा बाहेर द्यावयाचा नाही, ज्याने जे बांधले ते त्याला विचारल्याशिवाय काढावयाचे नाही, येऊ म्हणणाऱ्यास काहीतरी काम द्यावयाचे. चौथे कलम एकाने सुचवले आणि बाकीच्यांनी हसत मान्य केले, की पाण्याच्या बाजूचा तट आठवीच्या मुलाने बांधावा, कारण पाणी कोठून शिरते हे त्यालाच ठाऊक आहे.

सुट्टीत संगणकांची साफसफाई झाली, तीत ब्राउझरने साठवलेले सारे पुसले गेले आणि किल्लाही गेला. मुलांस मी ही बातमी थोड्या संकोचाने सांगितली. ती फारशी हळहळली नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांनी नवे बेट उघडले, आणि पाण्याकडचा तट या वेळी दोन ठोकळे जाड घेतला.